फुगडीला दुसरी लागते

"जरा ढिलं सोड की, आई. मी काय गाय आहे?"

"गाय परवडली. हाक मारली की थांबते तरी."

आमच्या मिरजेच्या घराची गच्ची. उन्हं अजून कोवळी होती. माझ्या कमरेला आईची जुनी सुती साडी गुंडाळलेली आणि तिचं टोक माझ्या मागे आईच्या मुठीत. मी दोन्ही हात पसरून फरशीच्या सांध्यावरून चालायचा प्रयत्न करत होते. सांधा सरळ होता. मी नव्हते.

"डावीकडे चाललीस."

"मला कळतंय."

"कळतंय तर जातेस कशाला?"

पाय माझेच होते, पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत होते.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. संक्रांतीच्या सुमारास माझ्या डोक्यातून, मानेच्या जरा वरून, एक गाठ काढली होती. गाठ साधी निघाली. पण ती बसली होती लहान मेंदूला चिकटून, आणि शरीराचा तोल सांभाळणं हे नेमकं त्या लहान मेंदूचं काम. ऑपरेशन करणारे डॉक्टर आईबाबांना म्हणाले, "घर रिकामं करून दिलंय. पण भाडेकरूनं जाताना वायरिंग जरा ओढलंय. बसेल हळूहळू."

त्या जरा ओढलेल्या वायरिंगमुळे पाण्याचा पेला एकीकडे जायचा आणि माझं तोंड एकीकडे. जिना उतरायला लागले की जिनाच हलायचा. कूस बदलली की छत डचमळायचं आणि मी गादी घट्ट धरून ठेवायचे. आडवी पडलेली असतानाही पडू नये म्हणून.

भेटायला येणारी प्रत्येक बाई मात्र एकच सांगून जायची. "देवाचे आभार मान हो आसावरी. केवढ्यातून वाचलीस!"

मी मान हलवायचे. मान हलवली की खोली हलायची.

आभार मानायचे तरी कशाचे, हेच मला उमगत नव्हतं. कारण जी वाचली ती मी, हे मला पटतच नव्हतं. मी म्हणजे फुगडी घालणारी. कॉलेजात असल्यापासून आमचा मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या मुलींचा एक चमू होता. श्रावण आला की सांगली-मिरजेत ज्यांच्याकडे नवी सून असेल त्यांची बोलावणी यायची. झिम्मा, पिंगा, लाटण्याची फुगडी, बसफुगडी, सगळं आम्ही करायचो. पण माझी आणि मैथिलीची उभी फुगडी सुरू झाली की बायका हातातलं ताट खाली ठेवून बघायच्या. मैथिली म्हणजे माझी मावसबहीण. पावलाला पावलं भिडवायची, हात कैचीसारखे गुंतवायचे आणि मागे रेलायचं. मग पाय नुसते थापटायचे. वर कोण कुठली हे दिसायचंच नाही, एकच भोवरा.

आमचं ठरलेलं होतं. जिची मंगळागौर आधी, तिच्या मंगळागौरीला दुसरीनं तिच्याशी फुगडी घालायची. वैशाखात मैथिलीचं लग्न झालं. मी लग्नाला गेले होते, पण भिंतीकडेच्या सोफ्यावर बसून होते, आईच्या दंडाला धरून.

आणि आता आषाढ लागला होता. मी सांध्यावरून चालत होते त्याच सकाळी मैथिली सांगलीहून आमंत्रण द्यायला आली आणि थेट गच्चीवरच आली.

"श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी हं. दुपारी जेवणं झाली की आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये खेळ. जागरण वगैरे सासूबाईंना झेपत नाही."

"चमू येतोय?"

"सगळ्या येतायत."

"आणि तुझ्याबरोबर फुगडी कोण घालणार?"

मैथिलीनं पायातल्या जोडव्याशी चाळा केला. "तू ये गं फक्त. मस्त साडी नेस. तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते."

"खुर्ची?"

"उशी पण ठेवीन."

"मैथिली, आपलं काय ठरलं होतं?"

"ते आधीचं होतं ना पण."

आधीचं. सगळे हा शब्द असाच वापरायचे तेव्हा, अगदी मऊ करून. मी मागे वळले. जोरात वळले, त्यामुळे गच्ची कलंडली आणि आईनं साडी खस्सकन ओढली. तशी लोंबकळतच मी म्हणाले, "मी फुगडी घालणार. तू फक्त हात द्यायचेस."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" आई मागून ओरडली.

"आहे. डॉक्टरांनी स्वतः उघडून बघितलंय."

मैथिली फस्सकन हसली. मग तिचे डोळे भरले, मग परत हसली, आणि त्या सगळ्या गोंधळात म्हणून गेली, "बरं."

आई हसली नाही. तिनं साडीचं टोक मुठीला आणखी एक वेढा देऊन घेतलं.

*

माझे व्यायाम करून घ्यायला मुजावर मॅडम होत्या. वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांच्या क्लिनिकमध्ये भिंतीला लावलेला लांब दांडा होता, त्याला धरून मी जायचे आणि यायचे. आई बाकावर बसून बघायची, बसून म्हणजे अर्धी उठलेलीच.

"फुगडी?" मॅडमनी विचारलं. "ती आमच्या पुस्तकात नाही बाई. पण हल्ली तुम्ही गोल वळून उभ्या राहता, चक्कर सोसता, हे मी बघतेय. डॉक्टरांना विचारून ठेवते." दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, "ते म्हणाले, खाली सतरंजी असू दे आणि जवळ माणसं असू देत. बाकी सगळं दुसरी कशी आहे त्यावर."

"दुसरी म्हणजे?"

"तुमच्या समोरची. तिनं पुरता भार टाकला तर तुमचा तोल तिच्यावर आपोआप लागेल. पण ती जर हातचं राखून खेळली, तर मात्र तुम्ही पडाल. आणि ताई," त्या आईकडे वळल्या, "आता घरी चालताना साडी सोडायची. ती तुमच्या जोरावर चालते, स्वतःच्या नाही."

"सोडेन की. पडली की उचलायला तुम्ही येणार?"

"पडू दे की थोडी."

"तुम्हाला मूल आहे?"

"नाही."

"झालं तर," आई म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं साडी आणली नाही. ती नुसती माझ्या मागे चालली. मी दोनदा पडले. एकदा तुळशीच्या कुंडीवर, एकदा तिच्यावरच. गुडघा फुटला त्यावर हळद दाबताना ती कुंडीलाच शिव्या देत होती. श्रावण येईपर्यंत मी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकाला एकटी जायला लागले. सरळ नाही, पण जायला लागले. आई मागे असायचीच. तिची चप्पल वाजायची नाही, श्वास ऐकू यायचा.

आता माझी लेक भिंत धरून घरभर फिरते. ती झोपली की मी हे लिहायला बसते आणि ती उठली की उठते. तिच्या मागे वाकून, हात पसरून चालताना मला कळतं, मागच्या माणसाला पुढचं काहीच दिसत नसतं. एक मान दिसते, तेवढीच.

*

मंगळवारी हॉल भरला होता. जमिनीवर सतरंज्या, भिंतीशी पूजेची आरास, केवड्याचा वास. नऊवारी नेसलेल्या आमच्या चमूतल्या मुलींनी मला बघून किंकाळ्या फोडल्या आणि मग एकदम आवाज खाली आणला, मी झोपलेलं बाळ असावं तसा. पहिल्या रांगेत खरोखर एक खुर्ची होती. उशीसुद्धा.

"बस हो इथं," मैथिलीच्या सासूबाई म्हणाल्या. त्या मनानं चांगल्या होत्या. शेजारच्या बायकांना त्यांनी लगेच सांगून टाकलं, "हीच ती. डोक्याचं ऑपरेशन झालेली. बघा, देवाची करणी!"

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. एकीनं हात जोडले. देवाला की मला, ते कळलं नाही.

झिम्मा झाला, पिंगा झाला. मुली रंगात आल्या होत्या. माझे पाय खुर्चीखाली आपोआप ठेका धरत होते आणि नेहमीप्रमाणे जरा चुकत होते. आई मागे, चहाच्या टेबलाशी, कप भरत होती. सबंध दिवसात तिनं फुगडीचा विषय काढला नव्हता. मी विसरले असेन अशी तिला आशा असावी.

"मैथिली," मी उठले. "चल."

मैथिलीनं सासूबाईंकडे पाहिलं, मग चहाच्या टेबलाकडे. आईनं किटली खाली ठेवली.

"हळूच हं," मैथिली म्हणाली.

"हळू कुठली असते फुगडी?"

आम्ही पावलं भिडवली, हात गुंतवले. तिच्या मेंदीच्या हातांना घाम आला होता. पहिला फेरा सुरू झाला आणि मला तत्क्षणी कळलं की हे काहीतरी वेगळंच आहे. मी मागे रेलत होते, पण मैथिली रेलतच नव्हती. तिची कोपरं वाकलेली होती. ती माझ्याशी खेळत नव्हती. काठोकाठ भरलेली घागर धरावी तशी मला धरून ती जागच्या जागी फिरत होती. मी टाकलेला भार घ्यायला समोर कुणी नव्हतंच. दुसऱ्या फेऱ्याला माझं पाऊल सुटलं आणि मी कुशीवर आपटले.

"अगं बाई!"

"पाणी आणा!"

"डोक्याला नाही ना लागलं? डोकं बघा आधी!"

मैथिली तोंडावर हात घेऊन रडत होती. "मी म्हणत होते... मी म्हणतच होते..."

"पुरे झालं आता," सासूबाई म्हणाल्या. "हौस झाली ना? बस बघू खुर्चीवर. कुणीतरी धरा गं तिला."

चार हात माझ्या काखेत आले. मला कोपराचं दुखणं जाणवत नव्हतं. मला फक्त ती खुर्ची दिसत होती. आज तिच्यावर बसले की आता जन्मभर प्रत्येक हॉलमध्ये, प्रत्येक पहिल्या रांगेत ती माझ्यासाठी मांडलेली असणार, उशीसकट, हे मला लख्ख दिसत होतं.

"सोडा तिला," आईचा आवाज आला.

बायका बाजूला झाल्या. आई माझ्याजवळ बसली. तिनं माझं कोपर चाचपलं, गुडघा चाचपला, केस बाजूला सारून मानेवरचा व्रण पाहिला. मला वाटलं, आता म्हणेल, चल घरी. मी ओठ घट्ट मिटून घेतले. रडायचं नाही एवढंच ठरवलं.

आई उठली. तिनं पदर कमरेला खोचला.

"मैथिली, तू हातचं राखलंस."

"मावशी, मला भीती वाटली हो."

"वाटणारच. मला रोज वाटते. सर बाजूला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ऊठ."

"आई, तू?"

"का? मला पाय नाहीत?"

"अगं पण तुझं वजन..."

"तेच तर हवंय ना तुझ्या मुजावर मॅडमना?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. सासूबाई पुढे झाल्या. "कुमुदताई, अहो या वयात हे काय भलतंच?"

"वय राहू दे. तुम्ही जरा या पोरींना मागे सारा. आणि ती खुर्ची उचला तिथून, मधे येतेय."

आईला फुगडी घालताना मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडच्या प्रत्येक कार्यात ती स्वयंपाकघरात असायची, पानं वाढायची, मागचं आवरायची. मी उठले. पावलाला पावलं लागली. तिच्या टाचांच्या भेगा माझ्या बोटांना टोचल्या. हात गुंतले.

हे सगळे महिने आई माझ्या मागे होती. समोर ती आज पहिल्यांदा आली होती.

"आसा," तिनं फक्त मला ऐकू येईल असं म्हटलं, "सोडू नकोस हं मला."

आईनं मला असं कधीच काही म्हटलं नव्हतं. सोडणं, धरणं हे सगळं तिच्याकडे असायचं.

"नाही सोडत," मी म्हणाले.

आणि आई रेलली.

मैथिलीसारखी नाही, चमूतल्या कुठल्याच मुलीसारखी नाही. तिनं कोपरं ताठ केली, मान मागे टाकली आणि सगळीच्या सगळी मागे झुकली. माझे खांदे करकचून ताणले गेले. सबंध आई माझ्या दोन मनगटांत आली. ज्या हातातून पाण्याचा पेला सुटायचा, त्या हातात तिनं स्वतःला टाकलं होतं. मी सोडलं असतं तर ती मागच्या मागे आपटली असती, आणि हे तिला माहीत होतं. ती माझ्याहून जास्त वेळ या हातांकडे बघत आली होती.

मला मागे रेलावंच लागलं. नाहीतर ती गेली असती. मी रेलले, आणि कुठंतरी मधोमध, आमच्या दोघींच्या पावलांच्या वर, काहीतरी ताठ उभं राहिलं.

"फिरव!" आई ओरडली.

पहिला फेरा अडखळला. दुसरा कमी अडखळला. मग पाय थापट थापट पडायला लागले. आधीसारखे नाही, एक जड आणि एक हलका, पण पडायला लागले. हॉलच्या भिंती, आरास, साड्यांचे काठ, सगळ्यांचा मिळून एक पट्टा झाला. इतके महिने जग माझ्याभोवती नको तेव्हा फिरत होतं. आता पहिल्यांदाच ते फिरायला हवं होतं म्हणून फिरत होतं. त्या पट्ट्यात एकच गोष्ट स्थिर होती, आईचं लालबुंद तोंड. तिच्या अंबाड्याची पिन कधीच उडाली होती, केस सुटून भुरभुरत होते, आणि ती हसत होती. सोळा वर्षांच्या मुलीसारखी, दात दाखवून.

बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मला तो धड ऐकूही येत नव्हता. ऑपरेशनपासून सगळ्यांनी मला धरलं होतं, सावरलं होतं, उचललं होतं. माझ्या अंगावर कुणी भार मात्र टाकला नव्हता. आभार या शब्दात भार असतो, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. तो माझ्या मनगटांत होता. मनगटं तुटत होती आणि मला वाटत होतं, असू दे, अजून टाक.

थांबलो तेव्हा दोघींना दम लागला होता. हात सुटले. मी उभी होते. पाय फाकवून, वेडीवाकडी, पण उभी. हॉल गरगरत होता. त्याची मला सवय होती.

आई मात्र एक पाऊल डावीकडे गेली. मग आणखी एक. मग तिनं हवेत हात पसरले, काहीतरी धरायला, आणि धरायला काही नव्हतं. बायका हसायला लागल्या. फुगडीनंतर असं होतंच. मी हसले नाही. मी चटकन पुढे झाले आणि तिचे दोन्ही दंड धरले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे इकडून तिकडे हेलकावत होते. हसू हळूहळू विरलं.

"आसा," ती म्हणाली, "अगं, जमीनच फिरतेय."

"हो."

"रोज... रोज असं होत होतं तुला?"

तिच्या बोटांनी माझ्या ब्लाउजची बाही मुठीत आवळली.

"बोलली नाहीस कधी."

"सांगून कळलं असतं?"

तिनं मान हलवायला सुरुवात केली आणि तिथंच थांबली; हलवली तर काय होतं ते तिला आत्ताच समजलं होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

"मिटू नकोस," मी म्हणाले. "मिटले की जास्त फिरतं. उघडे ठेव. आणि इकडं तिकडं नाही, एकाच ठिकाणी. माझ्याकडे बघ."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी तिला धरून उभी राहिले. मैथिली पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तशीच थांबली. थोड्या वेळानं आईचे डोळे ठरले. श्वास खाली आला. तिनं एक पाय उचलून परत ठेवला, जमीन जागेवर आहे का ते बघायला.

"थांबली?" मी विचारलं.

"थांबली." तिनं सुटलेला अंबाडा एका हातानं पिळून गाठ मारली, पदर पुन्हा घट्ट खोचला आणि माझ्यापुढे दोन्ही हात केले. "चल. आता उलट्या बाजूनं घालू. राहिलेली चक्कर उतरेल."